विहिरीच्या पाण्याचा रकाना

आमच्या विद्यापीठातल्या एका प्रकल्पावरचा लेख आता इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतो. लेख इंग्रजीत आहे, कोरडा आहे, आणि त्यातली कोष्टकं मी केलेली आहेत. पहिल्या कोष्टकाच्या पहिल्या रकान्यात इंदूरच्या छत्रीबागेकडच्या जुन्या विहिरींच्या पाण्याचे आकडे आहेत. त्यातली एक ओळ माझ्या मावशीच्या विहिरीची. तिथे घराचं नाव नाही, नुसता नंबर आहे. कधीकधी दुसरंच काही शोधताना मी तो लेख उघडतो आणि त्या ओळीवर थांबतो. विहीर आता नाही.

मी मूळचा मानपूरचा. वडिलांचं हायवेवर टायरचं दुकान होतं आणि मुलाने टायर विकू नयेत असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून कॉलेजसाठी मला इंदूरला मावशीकडे ठेवलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिच्या सासरची मंडळी संस्थानी काळापासून नोकरीपेशाची. काका सरकारी कचेरीत होते. घर साधं, दुमजली, नीट रंगवलेलं, आणि मागे फरशी घातलेल्या अंगणात विहीर.

मावशीकडे एक रीत होती. बाहेरून कोणीही आलं, पोस्टमन असो की जावई, की आधी विहिरीचं पाणी. नळाला नर्मदेचं पाणी येत होतं, ते भांड्यांना आणि कपड्यांना. प्यायला आणि डाळीला विहिरीचं. नर्मदेच्या पाण्यात डाळ शिजत नाही असं ती म्हणायची, आणि शेजारच्या भाभींच्या विहिरीचं पाणी तर खारट आहे, असंही. भाभींची विहीर भिंतीपलीकडे, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर. तरी त्यांचं पाणी खारट आणि हिचं गोड, हे मावशीने इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलं होतं की भाभींनाही ते पाठ झालं होतं. त्या हसून म्हणायच्या, “हां जी, हम तो नमक घोल के पीते हैं.”

उन्हातून कॉलेजमधून आलो की मावशी तोंडाकडे बघून म्हणायची, “आधी पाणी घे. मग बोल.” मी तांब्या तोंडाला लावायचो. त्या पाण्याचं वर्णन करायला मला शब्द सापडत नाहीत, आणि उसने आणायचे नाहीत. थंड असायचं, एवढं खात्रीने सांगतो. लग्न झालं, नोकरी लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला, तरी रविवारी एक चक्कर छत्रीबागेत असायची. बायको म्हणायची, मावशीला भेटायला जाता की पाणी भरायला. दोन्ही, असं माझं उत्तर असे.

मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी एक काम हाती घेतलं. मालव्यात सोयाबीन निघालं की भुसाचे ढीग उरतात. ते भूस ठरावीक पद्धतीने जाळून, त्यावर काही प्रक्रिया करून, पाणी गाळायला वापरता येईल का, असा प्रश्न होता. पैसा फिल्टर बनवणाऱ्या एका कंपनीने दिला. वेगवेगळ्या प्रतीचं विहिरीचं पाणी हवं होतं, म्हणून खान नदीजवळच्या गल्ल्या निवडल्या. नमुने कुठून घ्यायचे आणि आकड्यांवरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, हे बघणं माझं काम.

मावशीची विहीर मी घुसवली नाही. विहिरी चिठ्ठ्या टाकून निवडल्या, त्यात ती आली. मी लगेच मॅडमना सांगितलं की हे माझ्या मावशीचं घर आहे, हवं तर काढून टाका. त्या म्हणाल्या, “अहो, इंदूरच्या मराठी माणसाची प्रत्येक गल्लीत एक मावशी असते. अशा काढत बसलो तर विहिरी उरायच्या नाहीत.” तसं आम्ही नोंदवून ठेवलं आणि पुढे गेलो.

कराराबद्दल इथे दोन वाक्यं लिहितो, कारण लोकांचा त्याबद्दल गैरसमज असतो. पैसे देणाऱ्या कंपनीला निष्कर्ष दाबून ठेवायचा हक्क नव्हता. तो मॅडमनी दिलाच नव्हता. निष्कर्ष काहीही निघो, तो छापणार, हे पहिल्याच पानावर होतं. कंपनीला एवढंच हवं होतं की छापण्याआधी, किंवा कुठेही बोलण्याआधी, सगळं त्यांना दाखवावं. त्यात पेटंट घेण्यासारखं काही असेल तर त्यांना अर्ज करायला वेळ मिळावा. कारण नवी गोष्ट एकदा चारचौघांत सांगितली की तिचं पेटंट जवळजवळ हातचं जातं. मला ते रास्त वाटलं आणि आजही वाटतं. पैसा त्यांचा, जोखीम त्यांची; आम्ही गल्लीत बडबड करून त्यांचं नुकसान का करावं? विहीरवाल्यांनाही आम्ही लिहून दिलं होतं की अभ्यास संपला की तुमच्या पाण्याचा निकाल तुम्हाला मिळेल, तोवर पाणी उकळून प्या.

पण मावशीसाठी हा निकाल नुसता निकाल नव्हता.

काका गेल्यापासून ती एकटी राहत होती. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, पुण्याला नोकरीत. त्याचं म्हणणं होतं की विहिरीवर स्लॅब टाकावा, अंगणात गाडी उभी राहील अशी जागा करावी, आणि खालचा मजला एखाद्या ऑफिसला भाड्याने द्यावा. म्हणजे आईला सोबतही होईल. तो वाईट मुलगा नाही. पाणी ओढताना आई एक दिवस आत पडेल ही त्याची खरी भीती होती. मावशीने त्याला बरेच दिवस टोलवलं. आमचे नमुने सुरू झाले तेव्हा दोघांमध्ये तह झाला: युनिव्हर्सिटीवाले पाणी तपासताहेत, चांगलं निघालं तर विहिरीवर जाळी आणि मोटर बसवायची, विहीर राहील. खराब निघालं तर स्लॅब.

त्यामुळे रविवारी मी दारात पाऊल टाकलं की ती विचारायची, “काय रे, लागला का रिझल्ट माझ्या विहिरीचा?”

मी म्हणायचो, अभ्यास चालू आहे.

“बारावीच्या पोरांचा लवकर लागतो.”

नमुने तीन ऋतूंत घेतले. शेवटचे आकडे माझ्याकडे आले तेव्हा मी नेहमीसारखा वरून खाली वाचत गेलो. कोणता नंबर कोणाचा, हे मला माहीत होतं. मावशीच्या ओळीशी आलो आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. क्षार कमी. पाणी मऊ, म्हणजे डाळीचंही खरंच होतं. खतांतून आणि सांडपाण्यातून उतरतं ते नायट्रेट मर्यादेच्या बरंच खाली. जंतू थोडे होते, पण उकळल्यावर जाणारे. गल्लीतल्या सगळ्या विहिरींत तिचं पाणी उजवं होतं. आकडे मी दुसऱ्या रीतीने मांडून पाहिले, तरी तेच. हात फोनकडे गेला होता. मग बाजूचे रकाने दिसले, ज्यांत तेच पाणी भुसाच्या फिल्टरमधून गाळल्यावरचे आकडे होते, कुठल्या प्रक्रियेने किती फरक पडला ते सगळं. कोष्टक एकच होतं. कंपनीकडे अजून गेलेलं नव्हतं. मी फोन खाली ठेवला.

आता मला एक अडचण आली, जी दुसऱ्या कुठल्या घरात आली नसती. पाण्याची.

नमुने सुरू झाल्यापासूनच मी मावशीकडे विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं होतं. मी प्यायलो की ती गल्लीभर सांगणार, माझा भाचा तपासणारा आहे आणि तो पितो. म्हणजे निकाल लागायच्या आधीच मी जाहीर केल्यासारखं. म्हणून ठरवलं, चांगलं असो की वाईट, प्यायचंच नाही. मग माझ्या पिण्या-न पिण्यातून कोणाला काही कळणार नाही. मी बाटली बरोबर नेऊ लागलो.

पहिल्या खेपेला तिने तांब्या पुढे केला तेव्हा मी म्हटलं, नको, नियम आहे. ती म्हणाली, “उकळलेलं आहे.” तरी मी नको म्हटलं. तिने तांब्या परत नेला आणि पुढच्या रविवारी पुन्हा पुढे केला. निकाल कळल्यावर तर मला तो तांब्या बघवेना. तहान लागलेली असायची. बाटलीतलं पाणी घोटभर घ्यायचो आणि हवापाण्याच्या गोष्टी काढायचो. पुढे पुढे तिने तांब्या आणणं बंद केलं. मला वाटलं, समजलं तिला.

तिला समजलं होतं, पण उलटं. हे मला मावसभावाच्या फोनवरून कळलं. तो म्हणाला, “दादा, मी कॉन्ट्रॅक्टरशी बोललोय. आईपण तयार आहे आता. म्हणाली, तो स्वतःच पीत नाही, बाटली घेऊन येतो, मग मी कशाला भांडू?”

मी म्हटलं, माझ्या न पिण्याचा निकालाशी काही संबंध नाही. तो म्हणाला, मग निकाल काय आहे? मी म्हटलं, सांगता येत नाही. मग तो फार समजूतदारपणे म्हणाला, “कळलं, दादा.” त्यालाही उलटंच कळलं होतं. मी त्याला थोडं थांबायला सांगितलं. तो बरं म्हणाला, पण दिवाळीची रजा जोडून तो लवकर येणार होता.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि कोष्टकाचे दोन तुकडे करून त्यांच्यापुढे ठेवले. डाव्या बाजूला विहिरीचं कच्चं पाणी, उजव्या बाजूला फिल्टरने केलेलं काम. मी विचारलं, डावा तुकडा कोणाचा? त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद पाहिले. म्हणाल्या, विहिरीत जे आधीपासून होतं त्यावर कोण पेटंट घेणार? पण करारात ‘सर्व निष्कर्ष’ असं लिहिलं आहे, तेव्हा न विचारता द्यायचं नाही. आपण नेहमी सगळं एक गठ्ठा करून शेवटी पाठवतो, ती आपली सवय. तुकड्याने पाठवू नका असं कुठे लिहिलंय? त्यांनी तिथेच मेल लिहिला.

कंपनीच्या बाजूने हे काम बघणारा अधिकारी नाशिककडून नुकताच आलेला मराठी माणूस होता. त्याचाच फोन आला. म्हणाला, “सर, विहीर त्यांची, पाणी त्यांचं. आम्हाला काळजी भुसाची. जाळण्याची पद्धत आणि प्रक्रिया तेवढी बाहेर जाऊ देऊ नका, अर्ज अजून व्हायचाय. बाकी माझी हरकत नाही. फक्त हेड ऑफिसची लेखी परवानगी येऊ दे.” मी त्याचे आभार मानले. इतकं सरळ होतं ते. लेखी परवानगी यायला मात्र जेवढा वेळ कुठल्याही हेड ऑफिसला लागतो तेवढा लागला. त्या काळात मी मावशीला फोन करून, थोडं थांब, लवकरच कळेल, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, “हो रे, मालूम आहे.” काय मालूम आहे, ते मी विचारलं नाही.

परवानगी आली त्या दिवशी मॅडमनी सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. प्रत्येक घराला फक्त त्याचा निकाल, साध्या हिंदीत. छत्रीबागेतल्या चिठ्ठ्या मी मागून घेतल्या आणि वर्गातून थेट तिकडे गेलो.

घराचं मागचं दार उघडं होतं. अंगणात विहिरीचा कठडा नव्हता. त्या जागी सपाट नवा स्लॅब होता, त्यावर ओली पोती पसरलेली, आणि मावशी नळाला लावलेला पाइप धरून पोत्यांवर पाणी मारत होती. सिमेंट मुरायला रोज पाणी मारावं लागतं, तसं. मावसभाऊ ठेकेदाराबरोबर सियागंजला नळाचं सामान घ्यायला गेला होता. ठेकेदाराचं दुसरं काम पुढे ढकललं गेलं म्हणून हे आधी उरकलं, असं तिने सांगितलं. मला आधी का नाही कळवलं, हे मी विचारलं नाही.

मी चिठ्ठी हातात धरून उभा होतो. तिने विचारलं, “हा काय, रिझल्ट?”

मी मान हलवली.

“वाच.”

मी वाचलं. हिंदीतलं मराठीत सांगत गेलो. क्षार कमी, पाणी मऊ, उकळून पिण्यास चांगलं. तुमच्या गल्लीत सगळ्यांत चांगलं, हे चिठ्ठीत नव्हतं. तिच्याच ओळीबद्दलचं आहे, तिला कळायला हरकत नाही असं मी तिथल्या तिथे ठरवलं, आणि सांगितलं.

ती पाणी मारत राहिली. एक कोपरा कोरडा राहिला होता, तिकडे तिने पाइप वळवला. मग म्हणाली, “तुला कधीपासून मालूम होतं?”

“उन्हाळ्यापासून.”

“आणि बोलला नाहीस.”

“बोलता येत नव्हतं, मावशी. लिहून दिलेलं होतं.”

“बोलता येत नव्हतं, बरोबर. पिता तर येत होतं ना?”

मी म्हटलं, मी प्यायलो असतो तर तू संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत सांगितलं असतंस.

“तर सांगितलंच असतं,” ती म्हणाली आणि खरोखर हसली. मग पदराने तोंड पुसलं. पाइपचं पाणी उडालं असेल. मला हसता आलं नाही. मी सांगितलं की नियम चूक नव्हता. ती म्हणाली, नियमाला कोण काय बोलून राहिलं आहे, तुझे काकाही असेच होते, ऑफिसचा एक कागद घरी आणला नाही कधी.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “दुसरा नंबर कोणाचा?”

मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही, ज्याचा निकाल त्यालाच.

“अजून पण?”

“अजून पण.”

तिने भिंतीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी काही बोललो नाही. या वेळी तिने माझं गप्प राहणं बरोबर वाचलं. बराच वेळ ती पाइप एकाच पोत्यावर धरून उभी राहिली. ज्या पाण्याला तिने आयुष्यभर खारट म्हटलं होतं त्याचा निकाल पचवायला तेवढा वेळ लागला असावा. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तिचीपण चिठ्ठी आहे ना तुझ्याकडे? आधी तिकडे जा. तिने याच ठेकेदाराला बोलावलं आहे. आमचा स्लॅब पाहून तिचा मुलगापण मागे लागला. परवा सळया येऊन पडतील.”

मी निघालो तशी तिने मागून सांगितलं, “माझं नाव नको घेऊस. तुझं ऑफिसचं काम म्हणून जा.”

भाभी घरी होत्या. मी ऑफिसचं काम म्हणूनच गेलो. चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, मग मला मोठ्याने वाचायला लावली, आणि तिसऱ्यांदा स्वतः वाचली. “तो खारा नहीं है?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, चांगलं आहे, उकळून प्या. त्यांनी तिथेच फोन काढला आणि ठेकेदाराला सांगितलं, “भिया, परसों मत आना. कुआँ रहेगा.” मुलाला नंतर समजावेन, असं मला म्हणाल्या. मग त्यांनी भिंतीकडे मान वळवली. पलीकडून पाइपच्या पाण्याचा आवाज येत होता. त्यांनी हळूच विचारलं, “और उनका?”

मी म्हटलं, ते त्यांनाच विचारा.

मी निघताना एवढंच म्हणाल्या की मावशीजींना सांगा, डाळीला पाणी लागेल तेव्हा मागून घ्या, दार उघडं आहे.

मी परत येऊन तो निरोप जसाच्या तसा सांगितला. मावशी म्हणाली, “बघते.” मग थोडं थांबून, “उद्या बघते.” तिने नळ बंद केला आणि मागच्या पायरीवर बसली. मी शेजारी बसलो. मावसभाऊ यायचा होता. पोत्यांतलं पाणी स्लॅबच्या कडेने निथळून फरशीवर येत होतं, आणि ते वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो.